मास्तरांच्या यकृतात काहीच नव्हतं

१

टेलरमास्तरांचं जुनं यकृत प्रयोगशाळेच्या मॅडमनी बारीक काप करून पाहिलं आणि त्यात कॅन्सर सापडला नाही.

ही बातमी आनंदाची की भयंकर, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही छातीठोकपणे सांगता येईल असं वाटत नाही. मी या इस्पितळाचा जुना ग्रंथपाल. निवृत्त झालो तरी घरी करमत नाही म्हणून ग्रंथालयात येऊन बसतो, कुणी भलत्या कप्प्यात ठेवलेली पुस्तकं जागेवर लावतो. माझा एवढाच वकूब. त्यामुळे अधीक्षकबाईंनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं, तेव्हा माझ्याकडून काहीतरी चुकलं असणार अशीच माझी समजूत झाली.

"काका, बसा. एक वस्तू हरवली आहे," त्या म्हणाल्या. "पोलिसांत जायच्या आधी कुणीतरी हळूच विचारपूस करायला हवी. तुम्हाला सगळे ओळखतात आणि तुम्हाला कुणी घाबरत नाही."

हे कौतुक होतं की काय, हे विचारायचा धीर झाला नाही.

हकिगत अशी होती. मास्तरांच्या पित्तनलिकेला बरीच वर्षं सूज होती. यकृतातून निघणाऱ्या दोन नळ्या जिथे एकत्र येतात, तिथेच ती आवळत गेली. दुर्बिणीतून बारीक ब्रश घालून तिथल्या पेशी खरवडून काढल्या आणि एका काचेवर, म्हणजे स्लाइडवर, पसरल्या. त्यात मॅडमना कॅन्सर दिसला. मग काही महिने किरणांचे आणि औषधांचे उपचार, आणि शेवटी यकृतबदल. धाकट्या बहिणीने आपल्या यकृताचा मोठा तुकडा भावाला दिला. आता काढलेल्या यकृतात काहीच नाही म्हटल्यावर बहिणीच्या नवऱ्याने सरळ प्रश्न केला: कॅन्सर होता कशावरून? मला ती स्लाइड द्या, मी दुसरीकडे दाखवतो.

मॅडमनी सगळ्यांसमोर कप्पा उघडला. स्लाइड जागेवर नव्हती.

"दुसरी स्लाइड असेल की?" मी म्हटलं.

"नाही. पेशी मोजक्याच मिळाल्या होत्या. आणि या आजारात बाहेरून सुई खुपसून तुकडा काढत नाहीत. सुईच्या वाटेने कॅन्सर पोटात पसरला तर यकृतबदलाचं दारच बंद होतं. म्हणजे पुरावा एवढाच, एक काच." बाईंनी दाराकडे पाहिलं. "आणि काका, घाई आहे. मास्तरांनी गोळ्या बंद केल्यात."

२

परकं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात, त्या गोळ्या. मास्तर त्या तोंडात टाकत, पाणी पीत, मान डोलावत. पुढे सिस्टरला उशीच्या अभ्र्याची शिवण जरा जास्तच सुबक वाटली. उसवून पाहिलं तर आत गोळ्या. सुईदोरा कुठून पैदा केला देव जाणे.

मी गेलो तेव्हा मास्तर छताकडे बघत पडले होते. इस्पितळातला प्रत्येक पांढरा डगला एकेकाळी त्यांच्याच दुकानात शिवला जायचा. माझाही.

"पुस्तकवाले काका, तुमच्या डगल्याचा खिसा फाटला का हो?"

"नाही, अजून दणकट आहे."

"असणारच." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मला सांगा, चांगलं नवं कापड फाडून, ठिगळ कुठे लावलं, तर जिथे भोकच नव्हतं तिथे. अशा मास्तरला तुम्ही काय म्हणाल?"

"पण भोक नव्हतं, हे अजून ठरलेलं नाही."

"मग होतं म्हणून दाखवा ना! परवा खुर्चीवर बसवून घेऊन खाली गेलो. मॅडमना म्हटलं, दाखवा माझं ते जुनं लिव्हर. त्यांनी दाखवलं हो. तिथे काही नव्हतं म्हणतात. आणि वर माझी बहीण पोटात नळी घालून पडली आहे. तिचं पित्त गळतंय, दुसऱ्यांदा कापली तिला. माझ्यासाठी. उगाचच्या उगाच."

"गोळ्या नाही घेतल्या तर तिने दिलेलंही जाईल, मास्तर."

"मला ते शोभत नाही, काका. तिचं ते माझ्या पोटात शोभत नाही." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाहेर सिस्टरने मला हळूच सांगितलं की रक्ताचा अहवाल बिघडायला लागला आहे. आणि असंही, की स्लाइड नाहीशी झाली त्याच सकाळी एक माणूस प्रयोगशाळेच्या दाराशी घुटमळत होता. बहिणीचा नवरा.

३

"मी चोरली?" मेहुणे एवढ्या मोठ्याने ओरडले, की कॅन्टीनमधली माणसं वळून पाहायला लागली.

"नाही, म्हणजे, तुम्ही तिथे होता असं कुणी..."

"होतो! दारावर टकटक करायचा धीर होईना म्हणून फेऱ्या मारत होतो. मी चोरली असती तर तीच मागायला आलो असतो का, आजोबा? जरा डोकं चालवा."

ते खरंच होतं. मी डोकं चालवत नव्हतो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, आणि मग एकाएकी त्यांचा आवाज उतरला.

"दादाशी माझं वैर नाही. ही देते म्हणाली तेव्हा मी अडवलं नाही. पण आता ती रोज विचारते, 'खरंच गरज होती ना हो?' मी काय सांगू? होती म्हणून सांगतो. तिला माझा खोटा आवाज कळतो."

मेहुण्यांचं नाव मी मनातून खोडलं. राहिले तिघे: सर्जन, मॅडम, आणि तळघरात जनुकांच्या चाचण्या करणारा एक गृहस्थ. सगळे त्याला घुबड म्हणतात, कारण त्याचं काम अंधारात चालतं. स्लाइडच्या कप्प्याची किल्ली या तिघांकडेच होती.

सर्जनसाहेब जिन्यातच भेटले आणि चालता चालताच बोलले. मला त्यांच्यामागे धावावं लागलं.

"काका, यकृत रिकामं निघालं म्हणून लोक रडतायत, आणि मी पेढे वाटायच्या बेतात होतो! किरणांनी आणि औषधांनी कॅन्सर मारला, याचा अर्थ तोच. ज्यांच्या काढलेल्या यकृतात काही उरलेलं नसतं, तेच रुग्ण जास्त जगतात. तुमच्याच ग्रंथालयात लेख पडलेत, वाचा."

"पण स्लाइड..."

"स्लाइड मॅडम वाचतात, मी पोट वाचतो. मला त्या काचेचं काय लोणचं घालायचंय?" आणि ते ऑपरेशन थिएटरच्या दारामागे दिसेनासे झाले.

मी लेख वाचले. नको होते वाचायला. साहेब म्हणाले ते खरं निघालं: कॅन्सर उरला नसेल तर रुग्ण जास्त जगतात. पण पुढच्याच लेखात एका संशयी डॉक्टराने विचारलं होतं, की ज्यांच्यात काही सापडत नाही ते जास्त जगतात, ते उपचार लागू पडले म्हणून, की त्यातल्या काहींना कॅन्सर कधी नव्हताच म्हणून? सुजलेल्या नलिकेच्या पेशीही कॅन्सरसारख्या दिसतात, भल्याभल्यांना चकवतात. तिसऱ्या लेखात आणखी निराळं. आकडे चांगले दिसतात कारण वाटेतच ज्यांचा आजार पसरला, जे टेबलापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांना बऱ्याचदा हिशेबात धरत नाहीत.

मी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला, परत उघडलं. अक्षरं तीच होती. रिकामं यकृत म्हणजे मोठं यश, किंवा मोठी चूक. दोन्ही अगदी सारखीच दिसतात.

आणि चूक ठरली तर सर्जनसाहेबांच्या यशाच्या यादीतलं एक नाव गळणार होतं. ते इतक्या घाईने का निघून गेले?

४

मॅडमची खोली मला नेहमीच आवडते. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक, टेबलावर जाड काच, काचेखाली त्यांच्या मुलीचा लहानपणीचा फोटो. सर्जनसाहेबांवर माझा संशय आहे, हे कसं सांगावं याची जुळवाजुळव मी करत होतो. त्यांनी चहा पुढे केला.

टेबलाच्या काचेवर कपाचा ओला गोल उमटलाय असं मला वाटलं. मला सवय आहे, पुस्तकांवर असे डाग पडतात ते मला सहन होत नाहीत. मी रुमालाने तो गोल पुसला. पुसला जाईना. पुन्हा घासला. मग लक्षात आलं की कपाच्या मानाने तो फारच लहान आहे, जेमतेम मसुराच्या दाण्याएवढा, आणि शेजारी तसाच आणखी एक, जरा वाकडा.

"राहू द्या हो काका," मॅडम म्हणाल्या. "काच जुनी आहे."

मी ओशाळून रुमाल खिशात घातला. "मॅडम, तुम्ही ती स्लाइड शेवटची कधी पाहिली?"

"यकृतात काही सापडलं नाही, त्या दिवशी. परत काढून पाहिली." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "एकदा बघितलं की वाटायचं, कॅन्सर आहे, यात शंकाच नाही. डोळे मिटून परत बघितलं की वाटायचं, नुसती सूज आहे. तुमचं होतं का हो कधी असं? आपलंच अक्षर आपल्याला ओळखू येत नाही?"

"रोजच होतं," मी म्हटलं, आणि त्या हसल्या. हसताना त्यांचे डोळे सुजलेले दिसले.

"सर्जनसाहेबांनी नेली असेल का?" मी धाडस करून विचारलं.

"छे! त्यांना बिचाऱ्यांना स्लाइडची सुलटी बाजूसुद्धा कळत नाही."

हे त्या इतक्या चटकन आणि इतक्या खात्रीने बोलल्या, की मी दारापाशी जाऊन थबकलो. दुसऱ्याने नेली नाही याची एवढी खात्री माणसाला केव्हा असते?

पण विचार पुरा करायच्या आत मी तो झटकून टाकला. मॅडमबद्दल असं काही मनात आणायची माझी मलाच लाज वाटली.

५

तळघरातल्या खोलीत शिरताच आवाज आला, "दार लावा! उजेड येतोय."

घुबड म्हणतात तो माणूस खरं तर गोरटेला, हसरा आणि गप्पिष्ट आहे. त्याच्या पुढ्यात पुठ्ठ्याचा एक काळा डबा होता. मी बसलो तसा त्याने त्यावर हात ठेवला.

"काका, इकडे कसे? पुस्तक परत करायचं राहिलंय का माझं?"

"राहिलंय, पण ते असू द्या." त्याच्या कामाविषयी विचारावं म्हणजे माणूस खुलतो, एवढं मला माहीत होतं. "तुम्ही इथे नेमकं करता काय?"

तो खुलला. पेशीतल्या जनुकांना चमकणारे रंगीत ठिपके चिकटवायचे आणि ते मोजायचे. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन. कॅन्सरच्या पेशीत बऱ्याचदा जास्त, वेडेवाकडे. "पेशी सुजली की रूप बदलतं, काका, पण ठिपके सहसा बदलत नाहीत. अगदी शंभर टक्के काही नसतं, पण डोळ्याला जिथे शंका येते तिथे हे कामाला येतं."

"आणि जुनी, रंगवलेली स्लाइड असेल तर?"

"मग आधी जुना रंग पार धुवून काढायचा. काच अगदी कोरी दिसायला लागते. पेशी तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत. म्हणून धुवायच्या आधी मोक्याच्या जागेभोवती काचेच्या पाठीवर ओरखड्याने गोल करून ठेवायचा. शाई धुण्यात जाते, ओरखडा राहतो." त्याने भिंतीवरची फळी दाखवली. हिऱ्याच्या टोकाची एक पेन्सिल तिथे अडकवली होती. शेजारची खाच रिकामी होती.

"दुसरी कुठे गेली?"

त्याचं हसू ओसरलं. "येईल परत."

"डब्यात काय आहे?"

"काका, मी तयार करणारा. वाचणारे डॉक्टर वेगळे. त्यांच्या आधी मी डोकावायचं नाही, ही आमची शिस्त. आणि कुणाचं काय आहे ते मी सांगायचंही नाही." मग तो अगदी हळू बोलला. "पण ज्यांनी वाचायचं त्यांनी लवकर यावं, एवढं जमलं तर सांगा. ठिपक्यांचा हा उजेड टिकत नाही. हळूहळू विझत जातो."

मी वर निघालो. जिन्याच्या मधोमध माझे पाय थांबले. मसुराच्या दाण्याएवढा गोल. रुमालाने न पुसला जाणारा.

६

मी मॅडमच्या समोर जाऊन बसलो. मग खिशातून रुमाल काढून त्या गोलावर ठेवला.

"हा डाग नाही. ओरखडा आहे."

त्यांनी रुमालाकडे पाहिलं.

"माझं चुकत असेल," मी म्हणालो, "चुकत असेल तर फार बरं होईल. पण मला असं वाटलं. स्लाइड नष्ट करायची असती तर ती चोराने फोडली असती, नळाखाली धरली असती. हिऱ्याची पेन्सिल त्याला कशाला हवी? आणि समजा हवी असली, तरी आधी टेबलाच्या काचेवर हात बसवून बघायला तो थांबला नसता. पहिला गोल वाकडा आला, म्हणून दुसरा काढला. त्या काचेला धक्का लागू नये असं ज्याला मनापासून वाटत होतं, त्यानेच ती नेली. किल्ल्या तिघांकडे. साहेबांना स्लाइडची बाजू कळत नाही, असं तुम्हीच म्हणालात. घुबडाला रोज गोल काढायची सवय, तो सराव कशाला करेल? आणि टेबल तुमचं."

मॅडमनी चष्मा काढला.

"फोटो काढून ठेवायचं सुचलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "नवख्या पोरीसारखी चूक. यकृतात काही नाही म्हटल्यावर माझा डोळ्यांवरचा विश्वास गेला. मनात एकच, ठिपके मोजून घ्यावेत. गोल केला, रंग धुतला, खाली दिली. आणि तेवढ्यात मेहुणे दारात, स्लाइड द्या म्हणून. काय देणार होते मी त्यांना? कोरी काच? म्हणाले असते, पुरावा धुतला बाईने. मी कप्पा उघडला आणि जणू मलाही आत्ताच कळलं, असा चेहरा केला. मला वाटलं, उत्तर येईल तेव्हा सांगून टाकीन."

"उत्तर तयार आहे, मॅडम. डब्यात आहे."

"माहीत आहे."

"मग पाहिलं का नाही?"

"दोनच ठिपके दिसले तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तर मी मास्तरांच्या बहिणीचं पोट विनाकारण फाडायला लावलं. जोवर पाहत नाही तोवर तसं झालेलं नसतं, काका. वेडेपणा आहे, कळतं मला."

मला तो वेडेपणा वाटला नाही. पण वर एक माणूस गोळ्या घेत नव्हता. मी तेवढंच बोललो.

"चला," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पण या. एकटीने नाही होणार."

७

अंधाऱ्या खोलीत घुबडाने डबा उघडला. आत खरंच एक कोरी काच होती. पाठीवर एक छोटा, सरळ, नीट गोल. मॅडमनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळे लावले.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्या हळूहळू काच सरकवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सरकवत होत्या. घुबड श्वास रोखून उभा. मी मनात काय काय कबूल करून ठेवलं होतं! दोनच निघाले तर मास्तरांना काय सांगायचं? खोटं सांगायचं का? मी मेहुण्यांसारखा, माझाही खोटा आवाज कळतो.

"काका," मॅडम म्हणाल्या, "मोजा. मला माझं खरं वाटत नाही."

मी वाकलो. काळोखात निळसर पेशी, आणि त्यांत लाल, हिरवे, सोनेरी ठिपके. एका पेशीत दोन लाल. दुसरीतही दोन. "दोनच आहेत," मी म्हणालो.

"गोलाच्या मध्यावर या."

तिथे एक घोळका होता. एका पेशीत लाल ठिपके दोनाहून कितीतरी जास्त, हिरवे तसेच, कुणी पंगतीत आगाऊ वाढून ठेवावेत तसे. शेजारचीतही. तिच्या शेजारचीतही.

"खूप आहेत," मी म्हणालो. "मॅडम, खूप आहेत हो."

घुबडानेही पाहिलं आणि नुसती मान हलवली. या वेळी मॅडमनी आठवणीने फोटो काढले. एकदा नाही, अनेकदा. मग अधीक्षकबाईंना आणि मेहुण्यांना स्वतः सगळं सांगायला त्या वर गेल्या. मला म्हणाल्या, मास्तरांकडे तुम्ही जा.

मी पोचलो तर बहीण आधीच आलेली. मेहुण्यांनी तिला चाकाच्या खुर्चीतून आणून सोडलं होतं. पोटाची नळी, पिशवी, सगळं सांभाळत. भाऊ-बहीण एकमेकांकडे न बघता बसले होते.

मला नीट बोलता येत नाही. मी काचेचं सांगितलं. "रंग धुतला म्हणून काच कोरी दिसते, मास्तर, पण जे होतं ते तिथे होतं, आम्ही मोजलं. तुमच्या यकृताचंही तसंच झालं असावं. कॅन्सर होता. किरणांनी आणि औषधांनी तो धुवून काढला, म्हणून कापल्यावर दिसला नाही."

"असावं?" मास्तर म्हणाले. "असावं म्हणजे काय?"

खोटं बोलता आलं असतं. "म्हणजे मॅडमना खात्री आहे. शंभर टक्के असं त्यांच्या शास्त्रात कुणी लिहीत नाही. आणि तो धुतला गेला होता, तर धाकटीने यकृत कशाला दिलं, असं तुम्ही विचाराल. कारण जिथून तो उगवला ती सुजलेली नळी तुमच्यात राहिली असती. तो परत आलाच असता, असं सगळे लेख म्हणतात. आता येणार नाही का, ते मला माहीत नाही. यकृत असं रिकामं निघालेले पुष्कळ जण वर्षानुवर्षं जगलेत. काही नाही जगले. मी वाचलंय खूप, मास्तर, पण मला सगळं समजलंय असं नाही."

मास्तरांनी अभ्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं, सिस्टरने उसवलेल्या जागी.

"डाग होता तर," ते स्वतःशीच म्हणाले.

"दादा," बहीण म्हणाली, "आता तरी घे की रे गोळ्या. का ते परत मागू? माझी वस्तू आहे ती. वापरायला दिलीय, खराब करायला नाही."

"लहानपणापासून अशीच," मास्तर मला म्हणाले. "काही दिलं की हजारदा ऐकवते." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी हात पुढे केला. सिस्टरने गोळ्या ठेवल्या. त्यांनी त्या एक एक करून गिळल्या, आणि बहीण म्हणाली, "आ कर." त्यांनी आ केला. तिने खुर्चीतून पुढे वाकून, पोट धरून, नीट आत पाहिलं.

"जीभ वर कर," ती म्हणाली.